आंबे, कळशी आणि कोहळा: वस्तुचित्राचं रसग्रहण कसं करावं?

शब्दवेल्हाळ (डिचोली)

नमस्कार मंडळी. एका वस्तुचित्रावर सातशे-आठशे शब्दांचं रसग्रहण लिहायचं आहे, दिवाळी अंकासाठी. व्यक्तिचित्र असलं की चेहऱ्यावरच्या भावांचा धागा धरता येतो, निसर्गचित्रात ऋतू आणि वेळ असते. इथे मात्र "आंबे अगदी हुबेहूब उतरले आहेत" या वाक्यापुढे लेखणी सरकत नाही.

चित्र तैलरंगातलं, कॅनव्हासवर, आडवं, साधारण २४ × ३० इंच. खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे पण लागत नाही, साल घातलेलं नाही. मागे काळपट तपकिरी भिंत, पुढे लाकडी मेज. डावीकडे तांब्याची मठारलेली कळशी. तिच्या पुढ्यात तीन मानकुराद (गोव्याकडचे आंबे), त्यातला एक कापलेला. मधोमध बांबूच्या पाटीत काजूची बोंडं, काही लाल, काही पिवळी, बियांसकट. उजवीकडे नारळाची कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग, आणि तिच्या मागे अर्धा काळोखात गेलेला कोहळा. एक पांढरं फडकं मेजावरून खाली लोंबतंय आणि सुरीची मूठ मेजाच्या कडेबाहेर आली आहे. उजेड डावीकडून.

सुरुवात कुठून करायची? चित्रकाराचं कसब नेमकं कशावरून ओळखायचं? आणि कापलेला आंबा म्हणजे नश्वरता, सुरी म्हणजे मृत्यू, असे अर्थ लावायचे असतात का?

कुंचला (फोंडा)

आधी वस्तूंची नावं बाजूला ठेवा. चित्रासमोर उभं राहिलं की डोळा लगेच "आंबा, कळशी, नारळ" अशी यादी करायला लागतो, आणि यादी पुरी झाली की पाहणंच थांबतं. तुमचं वाक्य तिथेच अडलंय.

पहिली गोष्ट अंतराची. २४ × ३० इंचांच्या चित्राचा कर्ण सुमारे ३८ इंच, म्हणजे जवळजवळ सव्वातीन फूट. त्याच्या दुप्पट ते तिप्पट अंतरावर, साडेसहा ते साडेनऊ फुटांवर उभे राहा आणि डोळे किलकिले करा. तपशील विरघळून जातील आणि गडद, मध्यम, उजळ असे चार-पाच डाग उरतील. वहीत काडेपेटीएवढी चौकट आखून तेवढेच डाग पेन्सिलीने भरा. आंब्याचा देठ नको, बोंडाची बी नको. चित्राचा सांगाडा तो हाच. हे डाग एकमेकांना नीट तोलून धरत असतील तर चित्र निम्मं उभं राहिलेलं असतं. ते विस्कळित असतील तर आंबा कितीही हुबेहूब असला तरी काही उपयोग नाही.

मग परवानगी असेल तर फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर एक फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करा. पिवळा रंग मुळातच उजळ असतो, त्यामुळे आंबे उजळपणात फडक्याच्या जवळ जाऊन बसतील. तांबं मधल्या छटेत येईल. लाल बोंडं मात्र बरीच काळपट होतील आणि मागच्या भिंतीत मिसळू पाहतील. आता पाटीत पिवळी बोंडं कोणत्या बाजूला ठेवली आहेत ते बघा. ती भिंतीकडच्या, वरच्या बाजूला असतील, तर पाटीची बाह्यरेषा काळोखात हरवू नये म्हणून चित्रकाराने ती मुद्दाम तिथे ठेवली. कसब ओळखायचं ते अशा निर्णयांवरून.

पुढे पडछाया. प्रत्येक वस्तूची सावली एकाच दिशेला जाते का? सावलीची कड वस्तूपाशी धारदार आणि लांब जाताना मऊ होते का? खिडकीच्या उजेडात ती तशी होते. सगळीकडे सारखीच धारदार सावली असेल, तर एक तर उघड्या दिव्याखाली काम झालं असेल, नाहीतर सावली न पाहता, ठोकताळ्याने घातली असेल. आंबा मेजाला जिथे टेकतो तिथे एक अगदी बारीक, सगळ्यांत गडद रेघ असायला हवी. ती नसली की आंबा मेजावर न बसता तरंगतो. नवशिक्यांच्या चित्रात ही रेघ हटकून राहून जाते.

कळशी हा रेखनाचा कस पाहणारा भाग. तिच्या तोंडाचं लंबवर्तुळ, गळ्याची रेघ, पोटावरचे कंगोरे आणि बूड हे सगळं एकाच नेत्रपातळीवरून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या एकाच उंचीवरून काढलेलं हवं. तोंडाच्या आतलं दिसत असेल तर नेत्रपातळी तोंडाच्या वर आहे. मग जसजसं खाली यावं तसतसं लंबवर्तुळ अधिक गोल, अधिक उघडं दिसलं पाहिजे. बूड सरळ रेघेसारखं सपाट असेल तर चूक. लंबवर्तुळाची दोन्ही टोकं आंब्याच्या पानासारखी अणकुचीदार असतील तरीही चूक, ती वळलेलीच हवीत.

कडा कुठे कुठे एकमेकींना फक्त चाटून जातात तेही शोधा. आंब्याची कड कळशीच्या कडेला नुसती टेकलेली असेल, पुढे आलेली नाही की सुटी नाही, तर दोन्ही वस्तू एकाच पातळीवर चिकटून बसतात आणि खोली मरते. चांगला चित्रकार आंबा थोडा कळशीवर चढवतो, नाहीतर मध्ये बोटभर फट ठेवतो. या फटीही आकारच असतात. मूठ वळून तिच्या भोकातून एक डोळा मिटून बघा. कळशी आणि पाटी यांच्यामधली रिकामी जागा कशी आहे, ती शेजारच्या जागेसारखीच झाली आहे का, हे तेव्हा नीट दिसतं.

शेवटी हातभर अंतरावर या आणि बाजूने, तिरकं बघा. उजेडातला रंग जाड आणि सावलीतला पातळ, ही तैलरंगाची जुनी शिस्त. पातळ सावली डोळ्याला आत ओढते, जाड उजेड पुढे येतो. सावल्याही जाड पांढरट रंगाने भरल्या असतील तर त्या खडूसारख्या, निर्जीव दिसतात.

मठार (म्हापसा)

वरची बैठक बरोबर आहे, पण वस्तुचित्राचा खरा आनंद मला पृष्ठभागात वाटतो. एकच खिडकी, एकच उजेड. तो तांब्यावर पडला की वेगळा वागतो, आंब्याच्या सालीवर वेगळा, कोहळ्यावर तर आणखीच वेगळा. चित्रकाराने हा फरक पाहिला आहे की सगळीकडे पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका ठेवून दिला आहे, यावर माझा निम्मा निवाडा होतो.

तांब्यापासून सुरुवात करा. फळ, काच, चिनी माती यांच्यावरची चमक उजेडाच्या रंगाची असते, खिडकीतून आभाळ येत असेल तर किंचित निळसर पांढरी. तांब्याचं आणि सोन्याचं तसं नाही. ते उजेड परत पाठवतानाच त्याला आपला रंग देतात. म्हणून तांब्यावरची चमक गुलाबी-नारिंगी झाकेची हवी. तिथे कोरा पांढरा ठेवला की कळशी रंगवलेल्या प्लास्टिकसारखी दिसते. शिवाय धातूत उजेड हळूहळू मावळत नाही. झळझळीत पट्ट्याला लागूनच काळाकुट्ट पट्टा येतो, कारण कळशी आरशासारखी समोरची अंधारी खोली दाखवत असते. आंब्यासारख्या मऊ उतरत्या छटा कळशीवर दिसल्या तर ते तांबं नाही, तांबड्या मातीचं मडकं आहे.

मठाराचे ठोके नीट बघा. कळशीच्या पोटाच्या मध्यावर प्रत्येक ठोका गोल दिसतो आणि त्यात उजेडाचा आपापला कण असतो. कडेकडे जाताना तेच ठोके दबून, उभट होऊन एकमेकांजवळ येतात. सगळे ठोके एकाच मापाचे असतील तर गोलाई मोडते, भिंतीवर चिकटवलेल्या टिकल्यांसारखं दिसतं. आंब्यांचा पिवळा कळशीच्या खालच्या पोटात उतरलाय का, तेही पाहा. पुढ्यात तीन आंबे असून तांब्यात त्यांचा मागमूस नसेल, तर कळशी आणि आंबे वेगवेगळ्या वेळी रंगवून जोडले गेले असं समजायला जागा आहे.

मानकुरादाला लाली नसते. हापुसाच्या खांद्यावर येते तशी तांबूस झाक यात येत नाही, पिवळाही थोडा फिकाच असतो, सालीवर बारीक काळसर ठिपके. पोर्तुगिजांनी याला 'मालकोरादा', म्हणजे नीट रंग न चढलेला, म्हटलं आणि त्याचंच मानकुराद झालं, असं सांगतात. रंगवायला हा आंबा अवघड, कारण लालीचा आधार नाही. सगळी गोलाई फिक्या पिवळ्यापासून हिरवट करड्या छटेपर्यंतच्या प्रवासातून आणावी लागते. पिवळ्याची सावली करायला सरळ काळा मिसळला की तो शेवाळी हिरवा होतो, ही नेहमीची चूक. जाणकार हात तिथे कच्ची सिएना, कच्ची अंबर हे मातकट रंग किंवा थोडा जांभळा घालतो. तुमच्या चित्रात सावलीकडची बाजू मळकट हिरवी आहे की उबदार तपकिरी, ते बघा. थोडा हिरवटपणा देठाकडे चालेल, तिथे तो फळातच असतो.

बोंडाचं साल ताणलेलं, मेणचट. त्यावरची चमक लहान आणि धारदार. पण झाडावरून काढलेलं बोंड दिवसभरात मऊ पडायला लागतं, साल सैल होतं आणि ती चमक तुटक होते. म्हणजे समोर मांडणी ठेवून काम करणाऱ्याला बोंडं पहिल्याच बैठकीत उरकावी लागतात, नाहीतर रोज नवी आणून पुन्हा त्याच जागी बसवावी लागतात. कापलेला आंबाही थांबत नाही, तासा-दोन तासांत फोडीच्या कडा सुकून काळवंडू लागतात. कळशी, सुरी, कोहळा यांना घाई नाही. तुमच्या चित्रात बोंडं चटचट, ओल्या रंगात ओला रंग मिसळून केली आहेत आणि कळशी थरांवर थर देऊन सावकाश केली आहे असं दिसलं, तर चित्रकाराच्या कामाचा क्रमच सापडला. रसग्रहणात हा परिच्छेद नक्की घ्या. बोंडाची बी रंगवताना उलट दक्षता लागते. ती राखाडी, थोडी हिरवट आणि मंद असते, तिच्यावर बोंडासारखी चमक नको.

कवडीत तीन थर मोजा: पांढरं खोबरं, त्याला चिकटलेली पातळ तपकिरी पाठ आणि मग करवंटी. मधली तपकिरी रेघ केसाएवढी असते आणि पुष्कळ चित्रांत ती नसतेच, पांढऱ्याला सरळ करवंटी लागते. ती रेघ असेल, आणि उजेडाकडे उबदार व सावलीकडे गडद होत गेली असेल, तर या माणसाने नारळ नीट पाहिलेला आहे.

आता कोहळा, आणि माझ्या मते या चित्राची परीक्षा तोच घेतो. जून कोहळ्यावर मेणाची पांढरी भुकटी असते, राख फासल्यासारखी. त्यामुळे त्यावर चमकेचा ठिपका येतच नाही, उजेड पसरून जातो. चित्रकार आधी गडद हिरवा पूर्ण सुकू देतो आणि मग त्यावर फिका करडा रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने घासतो, इतका विरळ की खालचा हिरवा जागोजाग डोकावत राहतो. गडदावर असा धुरकट फिका थर दिला की तो आपोआप निळसर दिसतो, निळा रंग घालावाच लागत नाही. जिथे कोणी कोहळा धरला तिथली भुकटी पुसून बोटांचे हिरवे ठसे उरतात. तुमच्या चित्रात ते आहेत का, जवळ जाऊन शोधा.

मळ्यावरून (पणजी)

अर्थाच्या प्रश्नाबद्दल. नश्वरतेची चिन्हं दाखवणारी वस्तुचित्रं सतराव्या शतकात हॉलंडमध्ये भरपूर झाली हे खरं. कवटी, विझती मेणबत्ती, घड्याळ, कलंडलेला पेला. त्यांतही प्रत्येक सोललेलं लिंबू उपदेश करत नसतं. लिंबाच्या सालीची ती लोंबती वेटोळी ओली, खरबरीत आणि पारदर्शक अशी एकाच वेळी काढता येते हे दाखवण्याचा आनंदही त्यात आहे. त्या चिन्हांचा कोश उचलून गोव्यातल्या स्वयंपाकघरावर लावू नका. कापलेला मानकुराद म्हणजे आधी कोणीतरी तो खायला घेतलाय. कवड एका बाजूने खवलेली आहे का पाहा. असेल तर काम अर्धवट टाकून कोणी उठून गेलंय, म्हणजे चित्रात न दिसणारं माणूस आहे. हा अर्थ चित्रातून निघतो, बाहेरून डकवावा लागत नाही.

सुरीची मूठ मेजाबाहेर का, याचं उत्तर आधी रचनेत शोधा. मेजाची कड चित्राच्या खालच्या कडेला समांतर आहे, ती भिंतीसारखी आडवी येते. मूठ आणि लोंबतं फडकं तो अडथळा ओलांडून पाहणाऱ्याच्या बाजूला येतात. इटलीच्या काराव्हाज्जो या चित्रकाराने १५९९च्या सुमारास रंगवलेली फळांची टोपली मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहात आहे. तीही फळीच्या कडेवरून थोडी बाहेर काढलेली आहे. त्यात सफरचंदाला कीड लागलेली आहे, द्राक्षाची पानं करपलेली आहेत, आणि तरी मागची भिंत फिकी, उजळ आहे. तुमच्या चित्राशी तुलना करायला ते फार चांगलं.

गोव्याच्या वाचकासाठी मी मात्र स्पेनचा चित्रकार सांचेस कोतान याच्याकडे जाईन. त्याचं १६०२च्या सुमाराचं चित्र सान दिएगोच्या संग्रहालयात आहे. काळ्याभोर खिडकीच्या चौकटीत बेलासारखं दिसणारं क्विन्स नावाचं फळ आणि कोबीचा गड्डा दोरीला टांगलेले, खाली चौकटीवर कापलेलं खरबूज आणि काकडी. वरून खाली उतरत जाणारा एक वळसा, बस्स. अन्न टिकावं म्हणून टांगून ठेवायची ती रीत. आपण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर फळांची माटोळी टांगतो तेव्हा हेच करतो, हेतू वेगळा एवढंच. नारळाची पेंड, सुपाऱ्यांचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंजन, तवशी, रानातली माट्टी आणि कांगलं. कोणतं फळ कोणाशेजारी, जड काय मधे आणि हलकं काय कडेला, लालाशेजारी हिरवं कसं बसवायचं, हे माटोळी बांधणारा हात नेमकं जाणतो. ज्याने माटोळी खालून न्याहाळली आहे त्याला वस्तुचित्र वाचायला नव्याने शिकावं लागत नाही.

वस्तू कुठून आल्या हेही लिहा. काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर इथे आला आणि नावही घेऊन आला. मानकुरादाच्या नावाची हकिगत वर आलीच आहे. म्हणजे एका पाटीत आणि तीन आंब्यांत समुद्रापलीकडचा मोठा पल्ला आहे.

फळं आणि भांडी रंगवणं हे कलाप्रकारांच्या उतरंडीत सगळ्यांत खालचं, असं फ्रेंच अकादमीतर्फे फेलिबियाँने १६६७ साली लिहून ठेवलं. तरी त्याच अकादमीने १७२८ साली शार्दँला जनावरं आणि फळांचा चित्रकार म्हणूनच सदस्य करून घेतलं. तुमच्या अंकाचा वाचक "नुसती फळंच तर आहेत" म्हणणार असेल तर एवढं सांगून पुढे जा.

एक खटकतं. मानकुराद आणि बोंडं चैत्र-वैशाखातली, कोहळा मात्र पावसाळ्यानंतरचा. म्हणजे चित्रकाराने वेगवेगळ्या ऋतूंतली फळं एकत्र केली, डच फुलचित्रांत वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एका फुलदाणीत येतात तशी. हा मुद्दा घेण्यासारखा आहे.

बागायत (सत्तरी)

ऋतूचा मुद्दा लिहू नका, तो चुकेल. जून कोहळा काढून माळ्यावर किंवा वाशाला टांगून ठेवला की महिनोन्महिने टिकतो. देठ शाबूत आणि भुकटी न पुसलेली हवी, एवढीच अट. वैशाखात घरात कोहळा असणं अगदी साधी गोष्ट आहे. देठाला दोरीचा किंवा सुंभाचा तुकडा रंगवलेला दिसतो का बघा. दिसला तर तो टांगलेलाच काढून आणलाय. आणि मग सांचेस कोतानची आठवण अधिकच चपखल बसेल.

बोंडांच्या मोसमाबद्दल मात्र बरोबर. मानकुराद आणि बोंडं एकत्र, दोन्ही पिकलेली, म्हणजे एप्रिल ते मे.

शब्दवेल्हाळ (डिचोली)

देव बरें करूं! सगळं ताडून पाहिलं. डोळे किलकिले केल्यावर सगळ्यांत उजळ डाग फडक्याचा निघाला, आणि तो डावीकडून येऊन थेट कवडीपाशी पोचतो. पिवळी बोंडं खरोखरच पाटीच्या वरच्या बाजूला, भिंतीला लागून आहेत. कोहळ्यावर बोटांचे ठसे आहेत, तीन, एकाखाली एक. देठाला सुंभ आहे. कळशीत खाली आंब्याचा पिवळा दिसतो.

दोन अडचणी. कळशीचं तोंड चांगलं उघडं, गोलसर आहे, पण बूड जवळजवळ सरळ रेघ. फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रातही भांडी वाकडी असतात आणि ती थोर मानतात, मग इथे दोष कसा म्हणायचा? दुसरं, फडकं पांढरं न वाटता सायीच्या रंगाचं, जरा पिवळंच वाटतं. याला उबदार रंगसंगती म्हणावं का?

कुंचला (फोंडा)

सेझानच्या चित्रात एकच वस्तू बिघडलेली नसते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं १८९३च्या सुमाराचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र आहे. त्यात फडक्याच्या डावीकडची मेजाची कड आणि उजवीकडची कड जुळत नाही, बाटली कलते, टोपली पुढे झुकते, आणि हे सगळं एकमेकांना सावरून धरतं. एकाच जागेवरून पाहायचं नाही हे त्याने पूर्ण चित्रभर ठरवलेलं आहे. तुमच्या चित्रात मेज, पाटी, पडछाया सगळं एका नेत्रपातळीच्या शिस्तीत आहे आणि फक्त कळशीचं बूड त्या शिस्तीतून निसटलंय. तोंड उभं राहून आणि बूड बसून काढलं की असं होतं. त्याला चूक म्हणा, पण एका ओळीत म्हणा आणि पुढे जा. ठोक्यांचं आणि प्रतिबिंबाचं काम चोख आहे, त्यापुढे ही चूक लहान.

हेच माप सगळ्या वस्तुचित्रांना लावू नका. साळगावला १९२४ साली जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सौझा यांच्या वस्तुचित्रांत चर्चमधली पात्रं जाड काळ्या रेघांनी बांधलेली असतात. तिथे चमकेचा रंग आणि लंबवर्तुळाची उघडझाप तपासत बसण्यात अर्थ नाही. तिथे रेघेचं वजन बघावं लागतं. इटलीतल्या बोलोन्याच्या मोरांदी या चित्रकाराने तर बाटल्यांवरची चमकच नको म्हणून कित्येक बाटल्या आधी मंद रंगाने रंगवून घेतल्या आणि मग त्यांची चित्रं काढली. तुमचं चित्र प्रकाशाच्या अभ्यासाचं, अकादमिक वळणाचं आहे, म्हणून वरची सगळी मापं त्याला लागू पडतात. त्या वळणाचं उत्तम काम प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सांग्याला जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फोंताईनश भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. त्यांचा मुख्य लौकिक व्यक्तिचित्रांचा, पण अंधाऱ्या पार्श्वभूमीत कड कुठे हरवायची आणि कुठे परत आणायची हे तिथे तासभर बघितलं तरी तुमच्या कोहळ्याची उजवी कड वेगळी दिसायला लागेल.

जुनी_चौकट (मडगाव)

फडक्याच्या पिवळेपणाबद्दल घाईने "उबदार रंगसंगती" लिहू नका. जुन्या तैलचित्रावरचं नैसर्गिक राळेचं वार्निश वर्षानुवर्षं पिवळं आणि मग तपकिरी होत जातं. त्यामुळे निळे हिरवट दिसतात, पांढरे सायीसारखे आणि जांभळ्या सावल्या मातकट. ही छटा काळाने दिलेली, चित्रकाराने दिलेली नव्हे.

ओळखायची रीत अशी. चौकटीच्या आतल्या ओठाखाली चित्राची पाव-अर्धा इंच कड झाकलेली असते. तिथे उजेड आणि धूळ कमी पोचते. चित्र कधी चौकटीतून काढलं जाणार असेल तर तिथला रंग आणि मोकळा रंग शेजारी ठेवून बघा. ते शक्य नसेल तर फडक्याच्या सावलीकडे पाहा. डावीकडच्या खिडकीतून आभाळाचा थंड उजेड येत असेल तर फडक्याची उजेडातली बाजू थोडी थंड आणि सावली त्या मानाने उबदार हवी. उजेड, सावली, कवडीचं खोबरं आणि कोहळ्याची भुकटी सगळ्यांवर एकच पिवळट झाक असेल तर ते वार्निश. खोबरं पांढरं आणि फडकंच तेवढं पिवळं असेल तर चित्रकाराने मुद्दाम जुनं, न नीळ दिलेलं कापड रंगवलंय. कोरा पांढरा कागद चित्रापासून वीतभर अंतरावर धरून तुलना करा, कॅनव्हासला लावू नका.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत वार्निशवर धुकट पांढरे डागही येतात. काळोख्या भागात, म्हणजे तुमच्या भिंतीवर आणि कोहळ्यावर, ते आधी दिसतात. कोहळ्यावरची भुकटी आणि हा डाग यांत गल्लत होईल. भुकटी कोहळ्याच्या कडेपाशी थांबते आणि गोलाईबरोबर वळते. दमटपणाचा डाग कड ओलांडून भिंतीवरही पसरतो.

चित्र ज्यांच्याकडे आहे त्यांना एवढं जरूर सांगा: ओलं फडकं, कापलेला बटाटा, ब्रेडचा लगदा यांनी पुसू नका. भेगांतून पाणी आत शिरतं, खालचा लेप फुगतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. बाहेरच्या, पावसाची ओल झिरपणाऱ्या भिंतीवर टांगायचं टाळा. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे लावले की मागे हवा खेळते आणि बुरशीला आळा बसतो. वार्निश उतरवायचं काम मात्र प्रशिक्षित संवर्धकाचंच. वार्निश आणि त्याखालचा पातळ रंग काही वेळा एकाच द्रावकाने सुटतात, आणि मग सगळ्यांत आधी जातो तो असाच विरळ घासलेला थर, म्हणजे कोहळ्यावरची भुकटी आणि त्यावरचे ते तीन ठसे.